तीन काटे आणि एक स्वतंत्र कासव

एका जंगलात, मुलांनो, राज्य वाघाचं होतं. पण वाघ राहायचा डोंगरापलीकडच्या गुहेत आणि साळिंदरं राहायची दारात. त्यामुळे तिथल्या जनावरांना वाघाची भीती सणासुदीला वाटायची आणि साळिंदरांची रोज.

साळिंदरं म्हणजे जंगलाचे शिपाई. पाणवठ्यावरची रांग सरळ ठेवायची, राजाच्या आवळीखाली पहारा करायचा आणि कुणी संशयित दिसला तर त्याला थांबवायचं, ही त्यांची कामं. अंगावर हातभर लांब काटे. आता तुमच्यातला एखादा हुशार मुलगा हात वर करून सांगेल, की साळिंदराला काटे फेकून मारता येत नाहीत, पुस्तकात तसं लिहिलंय. बरोबर आहे बाळा, खाली बस. या जंगलातल्या साळिंदरांनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. ती काटे फेकायची आणि त्यांचा नेम चांगला होता.

काटा लागून कुणी मेलं, की त्याच दिवशी संध्याकाळी फौजदार शूरसेन साळिंदर एका दगडावर चढायचे आणि निवेदन वाचायचे. निवेदन ठरलेलं होतं, फक्त मेलेल्याचं नाव बदलायचं. ‘अमक्याने अचानक हल्ला केला. शिपायाने स्वसंरक्षणार्थ काटा सोडला.’ ससा मेला तेव्हा सशाने अचानक हल्ला केला होता. गोगलगाय मेली तेव्हा गोगलगाईनेही अचानकच हल्ला केला होता. ऐकणारे माना डोलवायचे आणि घरी जायचे. घरी पिल्लं असायची.

त्या जंगलात एक रीत होती. ती नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चैत्रात पाणवठा आटू लागला, की सगळी जनावरं एक दिवस तिथे जमायची. टिटवी वर्षभरात गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारायची. नाव पुकारलं, की पाणी पिणारा प्रत्येक जण तोंड वर काढायचा आणि क्षणभर गप्प उभा राहायचा. बस्स, इतकंच. पण तेवढ्यासाठी म्हातारी जनावरं चार-चार कोस चालत यायची.

हल्ला करताना मेलेल्याचं नाव मात्र पुकारायचं नाही. आणि त्याच्या घरच्यांनी पुढचा सगळा उन्हाळा पाणी सर्वांच्या शेवटी प्यायचं, म्हणजे रानडुकरं लोळून गेल्यावर. तोवर तिथे पाणी राहिलेलं नसायचं. चिखल असायचा.

तर या जंगलात बिरू नावाचं एक कोवळं भेकर होतं. दोन बोटांएवढी शिंगं आणि तेवढीच अक्कल, असं त्याची आई सगुणा म्हणायची, पण म्हणताना त्याचं कपाळ चाटायची. बिरूला दोन सवयी होत्या. एक म्हणजे झाडाखाली पडलेले आवळे खायची. दुसरी, कुणी पाठीवर उलटं पडलेलं दिसलं की त्याला सरळ करायची.

ही दुसरी सवय निंबाजी कासवाच्या फार उपयोगी पडली होती. निंबाजी शंभरीच्या पुढचा, आणि घर पाणवठ्याच्या उतारावर. आठवड्यातून एकदा तरी तो घसरायचा आणि उताणा पडायचा. चारही पाय हवेत. येणारे-जाणारे बघायचे, काही हसायचे, काही घाईत असायचे. मग बिरू यायचा. नाकाने ढकलून त्याला सरळ करायचा आणि विचारायचा, “तात्या, आभाळ बघत होता का?”

“हो रे,” निंबाजी म्हणायचा.

एवढंच त्यांचं बोलणं. पण त्या एका प्रश्नाने निंबाजीची लाज निघून जायची. आपण पडलो नव्हतो, आभाळ बघत होतो, असं त्याला खरंच वाटायचं.

एके सकाळी बिरू राजाच्या आवळीखाली पडलेले आवळे खात होता. पहाऱ्यावर गुणाजी हवालदार होता. तो ओरडला, “ए, कोण आहे तिकडे?” भेकर दचकलं की भुंकतं आणि पळत सुटतं. देवाने त्याला तसंच बनवलंय. बिरू भुंकला आणि पळाला. तीन काटे सुटले.

संध्याकाळी फौजदार दगडावर चढले. बिरूने अचानक हल्ला केला होता.

सगळ्यांनी माना डोलवल्या. सगुणेने डोलवली नाही. ती पुढे आली आणि म्हणाली, “माझ्या पोरानं हल्ला केला न्हाई.”

“बाई, घरी जा,” फौजदार म्हणाले.

ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. बरोबर बिरूची धाकटी बहीण, अजून आईच्या दुधावरचं पाडस. सगुणा त्या दगडाशेजारी उभी राहिली आणि तेच एक वाक्य बोलली. तिसऱ्या दिवशीही आली. आठ दिवस आली. चैत्र तोंडावर आला होता. बिरूचं नाव पुकारलं जाणार नव्हतं हे एक दुःख, आणि चिखल पिऊन आपलं दूध आटलं तर या धाकटीचं काय, ही दुसरी काळजी.

तेवढ्यात एक गंमत झाली. वाघाकडे शेजारच्या जंगलातून एक करकोचा पाहुणा आला होता. तो बोलता बोलता म्हणाला, “आमच्याकडे आता काट्याने कुणी मेलं की स्वतंत्र चौकशी होते.”

वाघाला ती काय वस्तू असते ते ठाऊक नव्हतं. पण शेजाऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे त्याला खपेना. त्याने हुकूम सोडला, ‘बिरू प्रकरणाची स्वतंत्र चौकशी करा. ती साळिंदराने करायची नाही.’

हुकूम वाचून फौजदार म्हणाले, “आम्ही तर कधीपासून याच क्षणाची वाट बघत होतो.” आणि चौकशीसाठी योग्य जनावर शोधायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

माकड नको ठरलं, ते आज या फांदीवर तर उद्या त्या. कोल्हा नको ठरला, त्याला प्रश्न विचारायची खोड. मोर नको, तो चौकशीपेक्षा जास्त वेळ पिसारा फुलवील. शेवटी फौजदार निंबाजीच्या दाराशी गेले.

“निंबाजीराव, आपण वयोवृद्ध. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि मुख्य म्हणजे आपल्याला कवच आहे. ज्याला काटा टोचत नाही, तोच काट्याबद्दल निर्भयपणे बोलू शकतो.”

निंबाजीला हे पटलं. आजवर त्याच्या कवचाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

“मयत आपल्या ओळखीचा होता का?” फौजदारांनी सहज विचारलं.

निंबाजीच्या घशाशी आलं, की हो, त्याने मला चाळीसेक वेळा सरळ केलंय. पण मग त्याने विचार केला. ओळख सांगितली तर हे मला नेमणार नाहीत. मला नेमलं नाही तर दुसऱ्या कुणाला तरी नेमतील, आणि तो खरं लिहील याची काय खात्री? बिरूसाठीच गप्प राहायला हवं.

“येता-जाता दिसायचा,” निंबाजी म्हणाला.

असा निंबाजी स्वतंत्र झाला.

स्वतंत्र चौकशीला कचेरी हवी. साळिंदरांनी आपलं एक बीळ मोकळं करून दिलं. साक्षीदारांना बोलावणं धाडायला कुणी हवं, साळिंदरं धावली. साक्षीदारांना संरक्षण हवं, म्हणून दोन साळिंदरं बिळाच्या तोंडाशी उभी राहिली. लिहायला लेखणी हवी. त्या जंगलात पानावर काट्याने लिहायची पद्धत होती आणि काटे एकाच जातीकडे होते. दुसऱ्याच दिवशी फौजदारांकडून तीन छान टोकदार लेखण्या आल्या. निंबाजीला भरून आलं. एवढं सहकार्य त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पहिली साक्ष शेवंता खारीची. तिने सगळं झाडावरून पाहिलं होतं.

“मी वरच्या फांदीवर होते,” खार भराभर सांगू लागली. “बिरू खाली आवळे खात होता. हवालदार ओरडला. बिरू भुंकला नि वळला. आणि मग...”

इथे दारातल्या साळिंदराने पाय बदलला. साळिंदराच्या शेपटीला पोकळ काटे असतात, मुलांनो. शेपटी हलली की ते खुळखुळतात. आणि कासवाचं कसं असतं तेही सांगतो. खुळखुळ ऐकली की त्याची मान आत जाते. तो नेत नाही. ती जाते.

कवचाच्या आत निंबाजीला स्वतःच्या काळजाचे ठोके तेवढे ऐकू येत होते. मान बाहेर आली तेव्हा खार डोळे पुसत होती. “...बस, एवढंच,” ती म्हणाली.

पुन्हा विचारावं असं निंबाजीला वाटलं. पण ती इतकी थकलेली दिसत होती. त्याने पानावर लिहिलं, ‘साक्षीदार बराच वेळ बोलली.’

मग सगुणा आली. तिने पाडसाला बाहेर ठेवलं नाही, आत घेऊन आली. बोलायला लागली आणि दारातल्या दुसऱ्या साळिंदराला पाय बदलावासा वाटला. ती बोलत राहिली, तो खुळखुळत राहिला. निंबाजी आत बसून राहिला. आत त्याला फार वाईट वाटत होतं.

“ऐकलंत न्हवं, तात्या?” शेवटी सगुणेने विचारलं.

“ऐकलं, पोरी,” निंबाजी म्हणाला. शंभर वर्षांत तो पहिल्यांदा खोटं बोलला. किंवा दुसऱ्यांदा.

गुणाजी हवालदाराच्या साक्षीला मात्र दारातली दोन्ही साळिंदरं दगडासारखी स्तब्ध होती. निंबाजीला शब्द न् शब्द ऐकू आला.

“खरं सांगू का तात्या, मी दचकलो,” गुणाजी खाली बघत म्हणाला. “ते भुंकलं नि मी दचकलो. दचकलं की आमचे काटे सुटतात. झोप नाही हो मला तेव्हापासून.”

मागे बसलेले फौजदार खाकरले. “म्हणजे स्वसंरक्षण. लिहून घ्या.”

निंबाजीच्या मनात आलं, तेही दचकलं, हाही दचकला, आणि मी तर रोजच दचकतो. मग एकट्या बिरूच्याच दचकण्याला हल्ला का म्हणायचं? पण हा प्रश्न झाला, आणि प्रश्न विचारतो म्हणून तर कोल्ह्याला नाकारलं होतं.

तरी एक गोष्ट निंबाजीने केली. ती कुणी सांगितली नव्हती. तो चालत चालत बिरूपर्यंत गेला. सगुणेने त्याला पळसाच्या पानांखाली झाकून ठेवलं होतं आणि गिधाडांना इतके दिवस जवळ येऊ दिलं नव्हतं. निंबाजीने पानं बाजूला केली; पाहायला कानाची गरज नव्हती. त्याने डोळ्यांनी पाहिलं. तीन भोकं. तिन्ही पाठीत. छातीवर काही नाही, कपाळावर काही नाही. ज्या नाकाने त्याला चाळीस वेळा ढकललं होतं, त्याला आवळ्याचा तुकडा चिकटलेला होता.

निंबाजी तसाच फौजदारांकडे गेला. जायला त्याला दीड दिवस लागला, पण राग तेवढा टिकला. कासवाचा राग टिकाऊ असतो.

“ते तीन काटे कुठे आहेत?” त्याने विचारलं. “पुरावा म्हणून मला हवेत.”

“काटे?” फौजदारांना नवल वाटलं. “ते तर कधीच दिले आपल्याला. धुऊन, टोक काढून. आपण त्यांनीच तर लिहिताय.”

निंबाजीने लेखण्यांकडे पाहिलं. दोन झिजल्या होत्या. तिसरी कोरी होती.

त्या दुपारी त्याने तिसरी लेखणी उचलली. त्याने अहवालाचं शेवटचं पान घेतलं आणि लिहिलं, ‘तिन्ही काटे पाठीत लागले आहेत. मयताची पाठ शिपायाकडे होती. समोरून एकही जखम नाही.’ तीन काटे, तीन वाक्यं. मग त्याने खाली सही केली. मान पूर्ण बाहेर काढून केली.

आता काय व्हायचं ते होवो, त्याला वाटलं. पाठीत जखम असलेला हल्ला करत नव्हता, पळत होता, हे कुणालाही कळेल. बिरूचं नाव पुकारलं जाईल. कित्येक वर्षांनी त्याला आपण मोठे आहोत असं वाटलं.

चैत्रातला तो दिवस आला. पाणवठ्याभोवती सगळं जंगल जमलं. सगुणा पाडसाला घेऊन अगदी पुढे उभी होती. शेवंता खारीने तिला सांगितलं होतं, तात्यांनी खरं लिहिलंय म्हणे.

फौजदार दगडावर चढले. अहवाल त्यांनी मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाचला. ‘मयताची पाठ शिपायाकडे होती,’ हे वाक्य तर त्यांनी दोनदा वाचलं. जंगलात कुजबुज झाली. निंबाजीने मान उंच केली.

“बंधुभगिनींनो,” फौजदार म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. “आज आमच्या शिपायाला न्याय मिळाला.”

कुणालाच काही कळेना.

“साळिंदर हल्ला कसं करतं, ते आपण जाणता. शत्रूकडे पाठ फिरवायची आणि काटे ताठ करून उलटं धावत जायचं. हल्ल्याची जगात याहून सुधारलेली पद्धत नाही. म्हणून आमच्या नियमावलीचं पहिलंच कलम आहे : जो शिपायाकडे पाठ करील, तो हल्ला करतो आहे असं समजावं. बिरूने पाठ केली होती हे गुणाजी पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण तो पडला साळिंदर, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? आज एका निर्भय, निष्पक्ष, स्वतंत्र कासवाने तेच आपल्या सहीनिशी लिहून दिलं आहे.”

सगळ्यांनी निंबाजीकडे पाहिलं. सगुणेनेही पाहिलं.

“पण तो पळत...” निंबाजी म्हणाला.

पाणवठ्याभोवतीच्या सगळ्या साळिंदरांनी एकदम पाय बदलले.

मान बाहेर आली तेव्हा त्याच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला होता. टिटवी नावं पुकारत होती. एका म्हाताऱ्या सांबराचं नाव आलं. उन्हाने गेलेल्या दोन लावा पक्ष्यांचं आलं. प्रत्येक नावाला सगळे तोंड वर काढून उभे राहत होते. पाडस आईला विचारत होतं, “आता दादाचं?” आणि सगुणा म्हणत होती, “थांब.” मग नावं संपली आणि टिटवी उडून गेली.

जंगल शहाणं झालं होतं. घरी जाताना एकानेही साळिंदरांकडे पाठ केली नाही. ससे उलटे चालत निघाले, सांबरं उलटी चालत निघाली. रानडुकरं एकमेकांवर आदळली आणि एकमेकांची क्षमा मागू लागली. मोर स्वतःच्याच पिसाऱ्यावर पाय देऊन बसला. सगळ्यांची तोंडं फौजदारांकडे आणि तोंडांवर हसू.

“पाहा,” फौजदार गुणाजीला म्हणाले, “एका चौकशीने केवढा आदर वाढला.”

निंबाजीही उलटा निघाला. उतारावर उलटं चालणं कासवाला जमत नाही. तिसऱ्या पावलाला तो घसरला, गडगडला आणि पाणवठ्याच्या काठाशी उताणा पडला. चारही पाय हवेत.

लोक उलटे चालत त्याच्याजवळून जात होते. त्यांना मागचं दिसत नव्हतं आणि पुढे बघणं भाग होतं. रानडुकरं पाण्यात लोळली आणि गेली. ऊन उतरलं. मग चिखलात हलक्या खुरांचा आवाज आला. सर्वांच्या शेवटी पाणी प्यायला सगुणा आली होती, मागे पाडस.

“सगुणा?” निंबाजी म्हणाला.

“मीच.”

“पोरी, मी खरं लिहिलं होतं.”

“व्हय. अक्षर न् अक्षर खरं व्हतं.”

तिने शिव्या द्याव्यात असं त्याला फार वाटलं. तिने दिल्या नाहीत. ती जवळ आली, कवचाखाली नाक घातलं आणि ढकललं. निंबाजी सरळ झाला.

“तात्या,” ती म्हणाली, “आभाळ बघत होता का?”

निंबाजीला रडू आवरेना. “हे... हे तो विचारायचा मला.”

“मीच शिकवलंवतं त्याला. पडलेल्याला लाज वाटू न्हाई म्हून.”

तिने पाडसाचं कपाळ चाटलं. मग सगुणा म्हणाली, “एक करा तात्या. त्याचं नाव घ्या. एकदाच, हितं पाण्यापाशी. टिटवीनं न्हाई पुकारलं, तुम्ही पुकारा. मी नि ही पोर तोंड वर करून हुबं ऱ्हातो. मला तेवढं पुरं.”

दोघींनी चिखलात तोंड घातलं. दोन घोट घेतले. मग तोंड वर काढलं आणि दोघी गप्प उभ्या राहिल्या.

निंबाजीने मान लांब केली. शंभर वर्षांत केली नव्हती एवढी लांब केली. तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडच्या काठावर पहाऱ्याच्या साळिंदराने पाय बदलला.

कवचाच्या आत निंबाजीने बिरूचं नाव घेतलं. एकदा नाही, तीनदा घेतलं. खणखणीत घेतलं. आत ते चांगलं घुमलं. छाती मोकळी झाली, मनावरचं ओझं उतरलं, आपण तिचा शब्द पाळला असं त्याला वाटलं.

थोड्या वेळाने त्याने हळूच मान बाहेर काढली. दोघी अजून तोंड वर करून उभ्या होत्या. वाट बघत होत्या.

तात्पर्य : साळिंदर दिसलं तर त्याच्याकडे तोंड करावं आणि हसत हसत मागे जावं, मागे खड्डा असेल तर तो आपला समजावा. स्वतंत्र चौकशी मात्र प्रत्येक जंगलात व्हायलाच हवी. आणि मुलांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणाला ती करायची वेळ आली, तर खरं लिहायला मुळीच भिऊ नका. त्याने कुणाचं काहीही बिघडत नाही.